लढाई एका दिवसाची, मग विजयनगर लढलं का नाही?

हंपी बघून आलेल्या एकांनी विचारलंय की राक्षसतागडीची लढाई, म्हणजे १५६५ ची विजयनगर आणि दख्खनच्या सुलतानांमधली, तालिकोटची म्हणतात ती, जर एका दिवसात संपली तर पुढे विजयनगर शहर, म्हणजे आजचं हंपी, लढलं का नाही, मग एवढे तट बांधले कशाला होते, गाईड म्हणतो शहर सहा महिने जाळत होते ते खरं का, आणि खरं असेल तर कमळ महाल आणि हत्तीखाना तेवढा कसा काय वाचला. शेवटी अगदी आपल्या सोलापूर जिल्ह्याचा प्रश्न जोडलाय, की हंपीच्या विठ्ठल मंदिरात विठ्ठल का नाही.

मी जुन्या दगडी बांधकामाच्या दुरुस्तीची कामं करतो, वाडे, बारवा, देवळं, तटबंदी, सोलापूर-विजापूर-धाराशिव हा पट्टा. इतिहासाची डिग्री नाही माझ्याकडे, फारसी-पोर्तुगीज साधनं मी भाषांतरातूनच वाचलीत. पण दगड जळालाय, फोडलाय की नुसता काढून नेलाय एवढं बघून कळतं, आणि या प्रश्नात तेच जास्त कामाचं आहे असं मला वाटतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विजयनगरला वेढा पडलाच नव्हता. लढाईनंतर दोन-तीन दिवसांत शहराला पगार देणारा माणूस खजिना घेऊन निघून गेला आणि शहर तिथेच संपलं. पुढची लूट, जाळपोळ सगळी झाली, भरपूर झाली, पण ती मालक सोडून गेलेल्या शहरात झाली.

आता जरा मागची गोष्ट, आणि ती आपल्या सोलापूरच्या भुईकोटापासूनच सुरू होते. सिद्धेश्वर तळ्याकाठचा हा किल्ला अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यातलं चाळीस वर्षांचं भांडण होतं. १५२४ मध्ये बुऱ्हाण निजामशाहचं लग्न आदिलशाहाच्या बहिणीशी झालं, इथे सोलापुरातच, आणि आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला आणि आसपासचे परगणे द्यायचं ठरलं. दिले नाहीत. त्यावरून लढाया झाल्या, किल्ला इकडून तिकडे गेला. विजयनगरच्या रामरायाने या भांडणाचा पुरेपूर फायदा उचलला, कधी नगरच्या बाजूने विजापूरवर, तर १५५८ च्या सुमारास विजापूरला सोबत घेऊन थेट नगरवर. हा रामराय म्हणजे कृष्णदेवरायाचा जावई, म्हणून त्याला अळिय रामराय म्हणतात, हे आपल्या कन्नड बोलणाऱ्या मंडळींना सांगायला नको. गादीवर सदाशिवराय होता पण नावापुरता, कारभार सगळा रामरायाचा.

शेवटी सुलतानांना कळलं की आपल्या भांडणात हा मोठा होतोय. मग पुन्हा लग्न, पुन्हा तोच किल्ला. हुसेन निजामशाहाची मुलगी चांदबिबी अली आदिलशाहाला दिली, आंदणात सोलापूर दिलं, आणि आदिलशाहाची बहीण हुसेनच्या मुलाला. गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशाह आणि बीदरचा बरीदशाह पण आले. यातली मजा बघा, हा इब्राहिम कुतुबशाह गादीवर यायच्या आधी सात वर्षं विजयनगरातच आश्रयाला राहिलेला, आणि अली आदिलशाह रामरायाचा मुलगा वारला तेव्हा सांत्वनाला स्वतः तिथे जाऊन आलेला, विजापूर दरबारचा इतिहासकार फिरिश्ता तर सांगतो की रामरायाच्या बायकोने त्याला मुलगा मानलं होतं. म्हणजे चार सुलतानांपैकी दोघं घर आतून बघून गेलेले, कुठे काय आहे माहीत असलेले.

लढाई जानेवारी १५६५ मध्ये झाली, तारीख बहुतेक पुस्तकांत २३ जानेवारी असते. जागा कृष्णेकाठी, रक्कसगी आणि तंगडगी या गावांच्या आसपास, मुद्देबिहाळ तालुक्यात. तालिकोट तिथून बरंच लांब आहे, तिथे सुलतानांच्या फौजा जमल्या होत्या म्हणून ते नाव पडलं. लढाईच्या तपशिलात मी फार जात नाही, ती वर्णनं सगळीकडे मिळतात. फिरिश्ता सांगतो की रामराय म्हातारा होता, आधी पालखीत बसलेला, मग खाली उतरून सिंहासनावर बसला, समोर बक्षीस वाटायला सोन्याच्या नाण्यांची रास. निजामशाही तोफखाना चलबी रूमीखानाच्या हाताखाली होता आणि त्याने तोफांत गोळ्यांऐवजी तांब्याच्या नाण्यांच्या पिशव्या भरून अगदी जवळून उडवल्या. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ पण तिथे होती असं सांगतात, ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली आणि विजापूरला आली १६३२ मध्ये, परांड्याहून, तेव्हा असेलही नसेलही. रामराय पकडला गेला, हुसेन निजामशाहाने तिथल्या तिथे मुंडकं उडवून भाल्यावर लावलं, आणि ते बघून फौज फुटली.

दोन मुसलमान सरदार ऐन वेळी फुटले म्हणून हरले असंही सांगतात. ही गोष्ट येते चेझारे फेदेरीची नावाच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याकडून, तो दोन वर्षांनी विजयनगरात जाऊन राहिलेला. फिरिश्ता त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, पण तो विजापूर दरबारचा, तो कशाला सांगेल. मला विचाराल तर या फितुरीवर लोक गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. फितुरीने लढाई हरता येते, शहर रिकामं होण्यासाठी आणखी कायतरी लागतं.

ते आणखी कायतरी म्हणजे रामरायाचा भाऊ तिरुमल. दुसरा भाऊ वेंकटाद्री लढाईत गेला. तिरुमल निसटला आणि राजधानीत आला. त्याच्या हातात त्या घडीला काय काय होतं बघा. राजा सदाशिवराय शहरातच. खजिना शहरात. तट असे की १४४३ मध्ये आलेल्या इराणी वकील अब्दुर रझाकने एकाआड एक सात मोजले होते, बाहेरच्या बाजूला घोडदळ अडवायला माणसाच्या उंचीचे दगड पुरलेले. आजही भीमाचा दरवाजा बघा, आत शिरताना काटकोनात वळायला लागतं, हत्तीला धाव घेऊन धडक मारता येत नाही. उत्तरेला तुंगभद्रा, तिच्यात खडक. शत्रू शंभर किलोमीटरपेक्षा जास्त मागे, आणि तो पण लढाई करून थकलेला, छावणी लुटण्यात गुंतलेला. म्हणजे हातात दिवस होते. थोडेच, पण होते.

तिरुमलने त्या दिवसांत तट लढवायची तयारी केली नाही. राजवाडा रिकामा केला, राजाला सोबत घेतलं, सिंहासन घेतलं आणि दक्षिणेला पेनुकोंड्याला निघून गेला. खजिना ५५० हत्तींवर लादला होता असा आकडा रॉबर्ट स्युएलने दिलाय, हा मद्रासकडचा इंग्रज अधिकारी, १९०० साली त्याचं विजयनगरावरचं पुस्तक आलं आणि आजही गाईड जे सांगतात त्यातलं निम्मं तिथूनच येतं. आकडा सोडा, पन्नास हत्ती असते तरी मुद्दा तोच. शहराने वाड्यातून हत्ती निघताना बघितले. मागे राहिलेल्या माणसाने यातून काय समजायचं? सुलतान येईपर्यंत तर थांबायलाही लागलं नाही, आसपासच्या रानातल्या टोळ्याच आधी घुसल्या, पोर्तुगीज लेखक दियोगो दो कोतो म्हणतो की एका दिवसात सहा वेळा. म्हणजे विजयनगर पहिल्यांदा लुटलं ते जवळच्याच लोकांनी.

तिरुमलला पळपुटा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी कामाच्या बाजूने बघतो तेव्हा मला तो एवढा मूर्ख वाटत नाही. शहराचा घेर फेदेरीचीने २४ मैल लिहिलाय. एवढा घेर धरायला किती माणूस लागेल याचा हिशोब करा, प्रत्येक दरवाजावर, प्रत्येक दोन टेकड्यांमधल्या भिंतीवर पहारा. आणि तो माणूस आणायचा कुठून? विजयनगरचं सैन्य म्हणजे एकजागी छावणीत बसलेली पगारी फौज कमी आणि नायकांनी आपापल्या जहागिरीतून आणलेली माणसं जास्त. हे अमरनायक, त्यांना मुलूख दिलेला, त्या बदल्यात ते घोडे आणि माणसं घेऊन येणार. रामराय पडल्यावर नायक राजधानीकडे कशाला वळेल, तो सरळ आपल्या मुलखाकडे गेला, आपली गढी सांभाळायला. पुढे मदुरा, तंजावर, जिंजी, इक्केरी, म्हैसूर ही सगळी नायकांची राज्यं झाली, त्याची सुरुवात त्याच आठवड्यात झाली असं म्हटलं तरी चालेल. तट चांगलाच होता, त्यावर उभी राहायची माणसंच घरी गेली होती.

याच्या उलट उदाहरण आपल्या शंभर किलोमीटरवर आहे. विजापूर. १६८५ मध्ये मुघलांनी वेढा घातला, औरंगजेब स्वतः सोलापुरात मुक्कामाला होता, इथून सूत्रं हलवत होता, आणि वर्षभर झालं तरी शहर पडेना म्हणून १६८६ मध्ये त्याला स्वतः जावं लागलं. सिकंदर आदिलशाह सप्टेंबर १६८६ मध्ये शरण आला. राज्य त्या वेळी मोडकळीला आलेलं, राजा पोरसवदा, तरी तट वर्षाच्या वर टिकला, कारण राजा, सरदार, शिबंदी सगळे आत होते आणि जायला दुसरी जागा नव्हती. विजयनगरकरांना जायला जागा होती, सगळा दक्षिण मुलूख शिल्लक होता, आणि माझ्या मते हाच त्या शहराचा घात झाला. आणखी एक फरक असा की विजापूर जिंकणाऱ्याला ते ठेवायचं होतं, त्यामुळे गोलघुमट, जामा मशीद, सगळं उभं राहिलं. पुढे राजधानीचा मान गेल्यावर ते पण ओस पडत गेलंच, पण जळून नाही.

सुलतानांना विजयनगर ठेवायचं नव्हतं. त्यांना रामराय नको होता आणि विजापूरला रायचूर-मुद्गलचा दुआब, म्हणजे कृष्णा आणि तुंगभद्रेच्या मधला मुलूख, परत हवा होता, तो मिळाला. फेदेरीचीने कारण अगदी व्यापाऱ्यासारखं रोखठोक दिलंय, की आपल्या मुलखापासून इतक्या लांब एवढं मोठं राज्य सांभाळणं त्यांना झेपणारं नव्हतं म्हणून ते लुटून परत गेले. शिवाय चौघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, कुणी एकाने शहर ठेवलं असतं तर बाकी तिघं त्याच्यावर उठले असते. हुसेन निजामशाह तर त्याच वर्षी, १५६५ मध्येच वारला, युती तिथेच खिळखिळी. आणि ठेवायचं नाही ते लुटायचं, त्यात दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून मोडायचं पण, हा हिशोब त्या काळी सगळीकडे चालायचा.

आता जाळपोळ. किती महिने? स्युएल पाच म्हणतो, फेदेरीची सहा म्हणतो आणि त्यात असंही सांगतो की ते घराघरात जमिनी खणून पुरलेला पैसा शोधत होते. महिने मान्य करायला मला अडचण नाही. पण गाईड जे चित्र उभं करतात, की हातोडे आणि सब्बल घेऊन लाखभर माणूस सहा महिने रोज देवळं फोडतोय, ते दगड बघून पटत नाही.

दगडात काय दिसतं ते सांगतो. हंपीचा दगड ग्रॅनाइट, आपल्याकडचा काळा पाषाण नाही. ग्रॅनाइटमध्ये गारगोटी असते आणि ती साधारण ५७३ अंशाला एकदम फुगते, त्यामुळे मोठ्या आगीत ग्रॅनाइट कांद्यासारखा सुटतो, एकावर एक पापुद्रे, कडा गोल होतात, आणि आतलं लोह भाजून रंग गुलाबी-तांबूस होतो. आता गंमत अशी की हंपीचे मोठे मोठे धोंडे उन्हापावसाने पण असेच सोलतात, शेकडो वर्षांत, तिथे आगीचा काही संबंध नाही. मग फरक कसा करायचा? उन्हाने सोललेला दगड बाहेरून, उघड्या बाजूने सोलतो. आगीने सोललेला आतल्या अंगाने, खांबाच्या त्याच बाजूला जिकडे लाकूड होतं, आणि बरेचदा खालच्या हातभर भागात जास्त, कारण छप्पर जळून खाली पडतं आणि तिथे रात्रभर धगधगत राहतं. अजून एक, खडकांवर ओळीने चौकोनी खाचा दिसतात ना, बोटभर-दोन बोटं रुंद, टपाल तिकिटं फाडायला भोकं पाडल्यासारख्या, त्या दाखवून कुणी तुम्हाला सांगेल की हे फोडायचा प्रयत्न केला. अजिबात नाही. त्या पाथरवटांच्या खाचा, त्यात पाचर ठोकून दगड फाडायचे, शहर बांधतानाच्या आहेत.

राजवाड्याच्या आवारात जा. शंभर खांबांचं सभागृह म्हणतात तिथे आज फक्त जोतं आहे आणि दहा ओळीत दहा-दहा दगडी बैठका, प्रत्येकीच्या डोक्यावर चौकोनी खोबण. त्या खोबणीत लाकडी खांब होते. म्हणजे वरचा अख्खा महाल लाकडाचा, सागवानाचे खांब-तुळया, वर विटा-चुना. याला आग लावायला माणूस किती लागतो? दोन पोरं आणि तेलाचा बुधला बस. एक रात्र जळतं आणि उरतं जोतं. हंपीतले सगळे राजवाडे असेच संपलेत, जोत्यांची रांगच्या रांग आहे तिथे.

आता कमळ महाल आणि हत्तीखाना. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं की कमानी-घुमट इस्लामी धाटणीचे म्हणून सुलतानांनी मुद्दाम सोडले. मी याला सरळ कामगाराचं उत्तर देतो, तिथे जळायला काही नव्हतं. कमळ महाल दगड-चुन्याच्या कमानींवर उभा, वर चुन्याची छतं. हत्तीखान्याच्या अकरा खोल्या, अकरांवर घुमट, चुन्यातले. राणीचं स्नानगृह, तेही तसंच. तुळई नाही, कडीपाट नाही, आग लावली तरी भिंत काळी होईल आणि विझेल. उलट पाडायचं म्हटलं तर घुमट पाडायला खरंच माणूस आणि वेळ लागतो. जे वाचलं त्यात धाटणीपेक्षा लाकूड नसण्याचा वाटा मला मोठा दिसतो.

मूर्तींचं विचाराल तर चित्र सरळ नाही, आणि दोन्ही बाजूची मंडळी ते सरळ करायला बघतात म्हणून सविस्तर लिहितो. महानवमी डिब्बा, दसऱ्याला राजा जिथे बसायचा तो भला मोठा चौथरा, त्याच्या अंगावर हत्ती, घोडे, शिकारी, नाचणाऱ्या बाया यांचे पट्टेच्या पट्टे, खालचे तर हात पुरेल इतक्या उंचीवर. बहुतेक शाबूत आहेत. वरचा मंडप गेला, लाकडी होता. हजारा राम मंदिर तर राजवाड्याच्या अगदी मध्यात, भिंतीवर सगळं रामायण कोरलेलं, ते पण आज वाचता येतं. विरूपाक्ष मंदिर उभं आहे आणि तिथे पूजा अजून चालू आहे. पण दुसरीकडे विठ्ठल मंदिराच्या महामंडपाचा मधला भाग कोसळलेला, कृष्ण मंदिराची पडझड, आणि १५२८ चा तो प्रचंड नरसिंह, एका दगडातला, त्याच्या मांडीवरची लक्ष्मी फोडून काढलीय. मागच्या बाजूला जाऊन बघा, त्याच्या पाठीवर तिचा हात अजून चिकटलेला आहे, बोटं स्पष्ट. नुसतं समोरून फोटो काढून परत येतात लोक.

तेव्हा मूर्तिभंजन झालंच नाही असं म्हणणाऱ्यांनी तो हात बघावा, आणि एकूण एक फोडलं म्हणणाऱ्यांनी हजारा राम बघावं. मला जे दिसतं ते असं की राजवंशाच्या नावाशी जोडलेली, त्यांनी नव्याने बांधलेली, श्रीमंत देवळं जास्त मार खाऊन आहेत, आणि जुनं विरूपाक्ष, जे राजघराण्याच्याही आधीपासून गावाचं होतं, ते राहिलं. हजारा राम मात्र यात बसत नाही, हे मला मान्य आहे. शिवाय गाभाऱ्यातली उकरलेली जोती, उलटवलेल्या पिंड्या, यातलं सगळं १५६५ चं नाही. धनाच्या आशेने खणणारे पुढे कित्येक पिढ्या तिथे येत राहिले. आणि आपल्या काळातलं पण घ्या, २०१९ मध्ये काही पोरांनी तिथे खांब ढकलून पाडले, व्हिडिओ फिरला, कोर्टाने प्रत्येकी ७० हजार दंड केला आणि तेच खांब त्यांच्याकडून पुन्हा उभे करून घेतले. शिक्षा मला फार आवडली, खांब किती जड असतो ते कळलं असेल.

जे पडलं नाही त्याकडे कुणी बघत नाही. हंपीत देवळांच्या मधून केळीच्या बागा आणि भातशेती दिसते, तिला पाणी कशाचं? विजयनगरच्या काळातलेच कालवे, तुरुत्तू कालवा आजही वाहतो, कमलापूरचं तळं आजही भरतं. आणि राजवाड्याच्या आवारातली ती सुंदर पायऱ्यांची पुष्करणी, काळ्या दगडाची, जिच्या एकेका दगडावर तो कुठल्या दिशेला कितव्या पायरीला बसवायचा याची खूण कोरलीय, ती मात्र मातीखाली गाडली गेली होती, १९८० च्या दशकात उत्खननात सापडली. पाणी दोन्हीकडे एकाच काळातलं. एकाचा गाळ दरवर्षी शेतकरी काढत राहिला कारण त्याला भात पिकवायचा होता, दुसऱ्याचा काढायला पगारी माणूस लागत होता आणि पगार बंद झाला. बारवांची कामं करताना मी हेच सगळीकडे बघतो, दगड शंभर वर्षं वाट बघतो, पण गाळ पाच वर्षं काढला नाही की बारव गेली. शहराचं पण तेच झालं.

याचा सगळ्यात भारी पुरावा फेदेरीचीच देतो. तो १५६७ मध्ये तिथे आला तेव्हा घरं उभी होती, हे तो स्पष्ट लिहितो, घरं आहेत पण रिकामी, आत वाघ आणि जंगली जनावरं राहतात असं लोक सांगतात. म्हणजे राख झालेलं शहर नाही, ओस पडलेलं शहर. दरबार आठ दिवसांच्या वाटेवर पेनुकोंड्याला. आणि मधल्या काळात तिरुमलने शहर पुन्हा वसवायचा प्रयत्न केला होता! परत आला, वस्ती बसवायला लागला, गोव्याच्या व्यापाऱ्यांना निरोप धाडला की लढाईत गेलेले आमचे घोडे कुणाकडे आले असतील तर घेऊन या, मागाल ती किंमत देतो. घोडा म्हणजे त्या काळात रणगाडाच, समुद्रावरून यायचा, गोवा-भटकळच्या बंदरातून. व्यापारी बिचारे घोडे घेऊन गेले. तिरुमलने घोडे ठेवून घेतले आणि पैसे न देता व्यापाऱ्यांना हाकलून दिलं.

आता सांगा, अशा शहरात परत कोण दुकान टाकेल? १५६५ च्या आगीपेक्षा या एका गोष्टीने विजयनगर जास्त मेलं असं मला वाटतं. तट पुन्हा बांधायची गरज नव्हती, तो उभाच होता. लाकडी वाडे दोन-तीन वर्षांत उभे राहिले असते, दगडी जोती तयार होती, कारागीर होते. पण सावकार, घोडेवाला, हिरेवाला, कापडवाला हे एकदा बुडाले की फिरकत नाहीत, आणि रस्त्यांवर चोर इतके की एका महिन्याचं काम असून फेदेरीचीला सात महिने तिथे अडकून पडायला लागलं. पुढे दरबार पेनुकोंड्याहून चंद्रगिरी, वेल्लोर असा सरकत राहिला, घराणं शंभरेक वर्षं तगलं, हंपीत कुणी परत आलं नाही.

राहिला विठ्ठल. आपल्याकडची परंपरा अशी की कृष्णदेवरायाने पंढरपूरची मूर्ती विजयनगरला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास महाराजांनी ती परत आणली, म्हणून हंपीचा गाभारा रिकामा. श्रद्धेबद्दल मी काही बोलणार नाही, माझ्या घरातही वारी आहे. पण तारखा लावून बघा. कृष्णदेवराय १५२९ मध्ये वारला. आणि त्या मंदिराच्या आवारातला उय्याले मंडप, देवाच्या झुल्याचा, बांधलाय १५५४ मध्ये. देव नसलेल्या देवळात झुला कोण बांधतो? म्हणजे पंढरपूरची मूर्ती आली-गेली असेल किंवा नसेल, हंपीच्या गाभाऱ्यात त्यानंतरही कुठलीतरी विठ्ठलमूर्ती पूजेत होती, आणि गाभारा रिकामा झाला तो १५६५ मध्ये किंवा नंतर. पुजाऱ्यांनी ती आधीच हलवली असणं पण शक्य आहे, अशा वेळी देव हलवायची पद्धत सगळीकडेच होती, पंढरपूरलाही.

सोलापूरहून जाणार असाल तर विजापूर-हुनगुंद-कुष्टगी-होस्पेट असा रस्ता धरा, वाटेत विजापूरचा तट आधी बघून घ्या म्हणजे दोन्ही डोक्यात शेजारी राहतील. हंपीत पहिल्या दिवशी विठ्ठल मंदिर करू नका, तिथे गर्दी असते, आधी राजवाड्याच्या आवारातली ती शंभर खांबांची जोती बघा, सकाळी, ऊन तिरकं असताना, कडा गोल झालेले दगड तेव्हाच कळतात. नदीकाठचा पुरंदरदास मंडप पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की बुडतो, तेव्हा तो बघायचा असेल तर दिवाळीनंतर जा आणि निघायच्या आधी पाण्याची चौकशी करा.